तेराच्या पाढ्यातलं चाक

कर्नाटकच्या लाल गाडीत कोल्हापुरात चढलो, तेव्हा कंडक्टरनं सीटखालची माझी पिशवी पायानं सरकवून पाहिली. ती जागची हलली नाही.

‘काय भरलंय हो?’

‘फटफटीचा चिमटा.’

त्यानं एकदा पिशवीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हुबळीचं तिकीट दिलं. लगेज लावलं नाही. वेड्याला लगेज लावत नसावेत.

चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा काटा. आजच्या गाड्यांना तिथं दोन नळकांडी असतात, तेलात वरखाली होणारी. माझ्या गाडीला ती नाहीत. तिचा चिमटा म्हणजे पुलाच्या कैचीसारखी एक लोखंडी चौकट, मधे एक जाड स्प्रिंग, आणि ही चौकट मानेला जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. पट्ट्या हलतात त्या चार पिनांवर. या पिना झिजल्या की तिशी-पस्तिशीचा वेग गाठताच हँडल डोकं हलवायला लागतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं रस्ता खराब आहे. दुसऱ्यांदा झालं ते नव्या डांबरावर.

गाडी बीएसए एम-२०, १९४२ ची. एकच सिलिंडर, ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, ताकद तेरा घोड्यांची आणि वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. तेरा घोडे आणि एक म्हैस, असं आमच्या घरी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात बीएसएनं ब्रिटिश फौजेसाठी अशा सव्वा लाखावर गाड्या बनवल्या. वेगाला कुणी हिला नावाजलं नाही, पण वाळू असो की चिखल, निरोप्याला घेऊन ती ढकलत ढकलत पोचायची. माझी मला मिळाली ती करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाच्या पडवीत. टाकीवर कोंबड्या बसायच्या. टाकीवरचं चिन्ह, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, खरवडून काढावं लागलं. बर्मिंगहॅमच्या बंदूक बनवणाऱ्यांनी १८६१ साली एकत्र येऊन काढलेली ही कंपनी. बंदुकांना मागणी घटली तेव्हा सायकलींकडं वळली, आणि सायकलीवरून १९१० साली फटफटीवर आली. हा सायकलीचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढं मला महागात पडला.

कोल्हापुरात लेथ मिळत नाही म्हणून हुबळीला निघालो, असं म्हटलं तर शिवाजी उद्यमनगरातली माणसं मला रंकाळ्यात बुडवतील. दर दुसऱ्या गाळ्यात लेथ आहे. पण मी ज्या कारखान्यात गेलो तिथल्या तरुण मालकानं पिन हातात घेऊन विचारलं, ‘किती नग?’ मी म्हटलं, चार. तो हसला. ‘काका, चारशे सांगा. चार पिनांसाठी मशीनला प्रोग्रॅम कोण लावणार?’ त्याचं चूक नव्हतं. चहा मात्र त्यानं पाजला, आणि त्यांच्याकडं माल टाकायला येणाऱ्या एका ड्रायव्हरनं तो चहा पिता पिता सांगितलं, की हुबळीला लॅमिंग्टन रोडच्या मागं एक म्हातारे मेस्त्री आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले, ते अजून इंचात काम करतात.

इंचात काम करतात! आमच्या नादातल्या माणसाला हे ऐकू येतं तेव्हा त्याला पुढचं काही ऐकू येत नाही.

निपाणी, संकेश्वर, बेळगाव. बेळगावच्या स्टँडवर गाडी अर्धा तास उभी राहिली. याच गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं होतं, पुढं नांगर केले, आणि १९१० साली नगरपालिकेनं जागा सोडायला लावली म्हणून औंध संस्थानात कुंडलच्या माळावर जाऊन किर्लोस्करवाडी वसवली. बेळगावनं एक कारखानदार घालवला, असं आमच्याकडं चवीनं सांगतात. सांगणाऱ्यानं आपल्या गावातून कोण कोण गेलं ते सांगायचं नसतं.

कित्तूरपाशी दोन पोरं आमच्या गाडीला मागं टाकून गेली. एक ट्रायम्फवर, एक बुलेटवर. मनात हिशेब सुरू झाला. ती चारशेची ट्रायम्फ पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. बुलेट तर १९५५ पासून मद्रासची, आणि इंग्लंडात तिचं मूळ घर १९७० पर्यंत बंदसुद्धा झालं. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसनं घेतली. बीएसएचं नाव २०१६ साली महिंद्रांच्या घरात आलं आणि त्या नावाची नवी गोल्ड स्टार इथं २०२४ च्या पंधरा ऑगस्टला बाजारात आली. तारीख निवडणाऱ्याला विनोदबुद्धी असावी. म्हणजे इंग्रजी फटफट्यांची सगळी कुळं आता आपल्याच दारात नांदताहेत. आणि मी मात्र चार पिना पिशवीत घेऊन ऐंशी वर्षांपूर्वीचं बर्मिंगहॅम शोधत हुबळीला चाललोय. याला काय म्हणायचं ते माझी बायको म्हणते, मी पुन्हा लिहीत नाही.

लॅमिंग्टन रोड म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढं ग्रँट रोडजवळचा तो वायरी, रेडिओ, कॉम्प्युटरचा बाजार येतो. हुबळीतला लॅमिंग्टन रोड याच साहेबाचा. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते, आणि हुबळी १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात होती. मुंबईनं आपल्या रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव दिलं. हुबळीच्या महापालिकेच्या पत्त्यात मुंबई इलाख्यात मंत्री राहिलेल्या सर सिद्धप्पा कंबळींचं नाव आहे. रिक्षावाल्यांनी दोन्हीकडं ते मनावर घेतलेलं नाही. इथं तर साहेबाच्या नावाचं हायस्कूलही आहे. कित्तूर चन्नम्मा हातात तलवार घेऊन चौकात घोड्यावर बसलीय, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर गव्हर्नरसाहेबांचा रस्ता. दोघांनी जमवून घेतलेलं दिसतं.

साहेबांबद्दल मला आधीपासून दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे गव्हर्नर असताना त्यांच्या नावावर एक केक झाला, चॉकलेटात बुडवून खोबऱ्याच्या किसात लोळवलेला, तो तिकडं अजून खातात. दुसरी, १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा लॅमिंग्टनही तिथं होते आणि एक गोळी त्यांच्या हाताला लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मन विमानांनी बर्मिंगहॅमला स्मॉल हीथचा बीएसए कारखाना बाँबनं फोडला, ५३ कामगार गेले. माझी गाडी त्यानंतर दोन वर्षांनी त्याच कारखान्याच्या नावानं बाहेर पडली. मेस्त्रींचा पत्ता विचारत त्या रस्त्यानं चालताना हे सगळं उगाच डोक्यात येत होतं. रस्त्यावर मात्र धूळ, हॉर्न आणि मिरची-भजीचा वास.

बोळ सापडली. आत टोकाला पत्र्याची शेड, दारात तुळस, तुळशीच्या कुंडीत लेथचा किस टाकलेला, निळा पडलेला. ‘बर्री, बर्री,’ आतून आवाज आला, आणि माझं तोंड बघून लगेच मराठीत, ‘या की. कुठनं आलासा?’

मेस्त्री पंचाहत्तरीचे असावेत. अंगात बनियन, कानावर पेन्सिल, चष्म्याच्या दांडीला तांब्याची तार. घरात मराठी, हाताखालच्या पोराशी कन्नड, आणि लेथशी बोलायची वेळ आली की काहीच नाही. रेल्वेच्या हुबळी वर्कशॉपात ते अप्रेंटिस म्हणून लागले, तेव्हा मीटरगेजवर वाफेची इंजिनं धावत होती. ‘सरकारनं मिलिमीटर आणला, इंजिनाला कुणी कळवलंच न्हाई,’ ते म्हणाले. ती इंजिनं इंचात जन्मली होती आणि इंचातच दुरुस्त व्हायची. म्हणून ही विद्या त्यांच्या हातात राहिली. मला वाटतं हुबळीसारख्या रेल्वेच्या गावांतच असे हात उरले असतील, आणि आमच्यासारखे नादखुळे त्यांच्या शेवटच्या गिऱ्हाइकांपैकी.

लेथ हिरवा, रंग उडालेला, पुढं ओतीव अक्षरं: म्हैसूर किर्लोस्कर, हरिहर. १९४१ साली सुरू झालेला तो कारखाना आता बंद आहे. बेळगावच्या सायकलच्या दुकानातून निघालेली रेघ हरिहरमार्गे या बोळीत येऊन पोचली होती.

मी पिशवी ओतली. चौकट, चार पिना, चार पट्ट्या. ऐटीत सांगितलं, ‘विटवर्थचे आटे आहेत, मेस्त्री. तसेच पाहिजेत.’

त्यांनी पिन उचलली, अंगठ्याच्या नखानं आट्यांवरून एकदा फिरवली आणि म्हणाले, ‘विटवर्थ न्हवं हे.’

‘म्हणजे?’

‘सायकलचं आटं हाईत.’

खणातून त्यांनी आट्यांची गेज काढली. पात्यांचा जुडगा असतो तो, प्रत्येक पात्याला करवतीसारखे दात. एक पातं पिनेवर ठेवून दोन्ही उजेडाकडं धरली. दात आणि आटे यांच्यामधून उजेडाची रेघसुद्धा आली नाही. इंचाला सव्वीस. मग दुसरं पातं लावून त्यांनी आट्याचा कोन दाखवला. जोसेफ विटवर्थनं १८४१ साली पहिल्यांदा इंग्लंडभर चालेल असं आट्यांचं माप ठरवलं, त्याचा कोन ५५ अंशांचा. सायकलवाल्यांनी आपलं वेगळं माप काढलं, आटे बारीक, कोन ६०. बीएसए सायकलींची कंपनी, तिनं फटफटीलाही बऱ्याच ठिकाणी तेच आटे घातले. दहा वर्षं मी लोकांना ‘विटवर्थ, विटवर्थ’ म्हणून ज्ञान वाटत होतो. पुण्याच्या एका मेळाव्यात तर एका इंजिनिअरला सुनावलंही होतं. त्या भल्या माणसानं ऐकून घेतलं.

पोरानं गिरमीट आणलं, चुरमुऱ्यांचं, वर मिरची-भजी. ते खात मेस्त्रींनी पुढच्या पिना एकेक करून गेजवर धरल्या. दुसरी सव्वीस. तिसरी सव्वीस. चौथीपाशी ते थांबले. पातं बदललं. परत पहिलं लावलं. चष्मा कपाळावर ढकलला.

‘ही ह्यांच्यातली न्हाई.’

मी भजीकडं बघत राहिलो.

‘ही मिलिमीटरची हाय. एक मिलिमीटर पिच. इंचाला पंचवीस आणि थोडं. सव्वीसाच्या भोकात पहिलं चार आटं सुखानं जातात, मग धरतं. मग कुणीतरी पान्याला पाइप लावून ती आत घातलीय.’ त्यांनी पट्टीच्या भोकात बॅटरी मारली. आतले आटे चुरगळलेल्या कागदासारखे झाले होते. पिनेच्या डोक्यावर पान्याचा ओरखडा, चांगला खोल. ‘कुणी गाढवानं केलंय हो हे?’

‘जुनी गाडी,’ मी म्हणालो. ‘किती हातांतून गेली असेल, काय सांगावं.’

सांगायला काही अवघड नव्हतं. गाडी घेतली त्याच वर्षी एक पिन मोडलेली निघाली. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या लेथवाल्यानं विचारलं, ‘सव्वीस म्हणजे एक मिलिमीटरच की, साहेब?’ मी कॅल्क्युलेटर काढला. २५.४ भागिले २६, ०.९७७. शंभरातले दोन-अडीच भाग कमी, एवढं काय ते! ‘चालतंय,’ मी म्हणालो. आटा एकच असता तर चाललंही असतं. पण तो फरक दर आट्याला साठत जातो. दहाव्या आट्यापर्यंत पाव मिलिमीटरच्या घरात जातो, आणि लोखंडाला पाव मिलिमीटर म्हणजे डोंगर. पिन अडली. मी पान्याला पाइप लावला. कर्र असा आवाज झाला आणि ती बसली, तेव्हा मी मोठ्या समाधानानं कपाळाचा घाम पुसला होता.

आमच्या नादाचं हे असंच आहे. नव्या माणसाचा उत्साह हा गंजापेक्षा जास्त गाड्या खातो. पडवीत पडलेली गाडी कोंबड्यांनी साठ वर्षं सांभाळली, तिचे आटे शाबूत होते. ते मी एका दुपारी घालवले. मेळाव्यांत लोक दिव्यावरचा लुकासचा शिक्का खरा की खोटा यावर तासतासभर भांडतात. टाकीवरची सोनेरी रेघ हातानं ओढलीय की स्टिकर आहे हे भिंग लावून बघतात. आत, जिथं भिंग पोचत नाही, तिथं कुणी काय कोंबलंय हे गाडीला आणि कोंबणाऱ्यालाच ठाऊक.

‘हुतंय,’ मेस्त्री म्हणाले. ‘भोक मोठं करून बुश मारतो, बुशाला आतनं आटं पाडतो. पण आज न्हाई. उद्या दुपारी.’

संध्याकाळी सावजी खानावळीत जेवलो. त्या रश्श्यानं रात्रभर झोप दिली नाही. सकाळी चिगरी बसनं धारवाडला जाऊन आलो. जी. ए. कुलकर्णी ज्या गावात इतकी वर्षं राहिले, शिकवत राहिले आणि लिहीत राहिले, त्या गावात झाडांखालून थोडं चाललो. बेंद्र्यांच्या साधनकेरीपर्यंत गेलो. घरात मराठी बोलणारा हा माणूस कन्नडचा केवढा कवी झाला. पेढे घेतले. पण मन सगळं त्या शेडमध्ये होतं. बाराच्या आत परत लॅमिंग्टन रोडला हजर.

मेस्त्री लेथच्या डाव्या अंगाचं झाकण काढून बसले होते. आटे पाडायचे तर लेथमध्ये दात्यांची चाकं बदलावी लागतात, म्हणजे कामाचा तुकडा एक फेरा फिरला की हत्यार नेमकं किती सरकायचं ते ठरतं. त्यांच्या लेथचा लांब स्क्रू इंचाला चार आट्यांचा. चार आणि सव्वीस जुळवायचे. भिंतीवर खिळ्यांना चाकं टांगलेली होती, खडूनं आकडे घातलेली. ‘सव्वीस म्हणजे तेरा दुणे,’ ते पोराला सांगत होते, कन्नडमध्ये, पण ‘तेरा’ मराठीत. ‘तेराच्या पाढ्यातलं चाक पाहिजे. तेरापाचे?’ पोर पुटपुटलं. पासष्टचं चाक खिळ्यावरून उतरलं. मिलिमीटरच्या स्क्रूचा नवा लेथ असता तर मधे १२७ दात्यांचं चाक घालावं लागलं असतं, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. दोन मापांच्या जगांमधला दुभाषाच तो. या लेथला दुभाषाची गरज नव्हती.

साठ अंशांत घासलेलं हत्यार त्यांनी पोलादाच्या तुकड्याला नुसतं टेकवलं. पहिल्या फेऱ्यात केसाएवढी चकाकती रेघ उमटली, मळसूत्रासारखी गुंडाळत गेलेली. लेथ थांबवून रेघेवर गेज. सव्वीस. मग एकेक फेरा, दर वेळी थोडं खोल, ब्रशनं तेल, निळसर धूर, आणि लांब कुरळा किस ट्रेमध्ये पडत राहिला. शेवटचे दोन फेरे त्यांनी हत्यार पुढं न सरकवताच मारले. ‘का?’ मी विचारलं. ‘लोखंड जरा मागं येतंय,’ ते म्हणाले, ‘त्याला वेळ द्यायचा.’

पट्टीत नवा बुश बसला होता, पितळी नव्हे, पोलादीच. पहिली पिन त्यांनी दोन बोटांत धरून भोकाला लावली आणि सोडून दिल्यासारखी फिरवली. ती जात राहिली. पाना नाही, पाइप नाही. शेवटपर्यंत गेली आणि थांबली. चौकटीच्या कडेला दातेरी वॉशर असतात. पिना घट्ट करताना ते बोटानं जेमतेम फिरले पाहिजेत, लोंबकळताही कामा नयेत आणि अडकताही. मेस्त्रींना हे मी सांगणार होतो. त्यांनी आधीच अंगठ्यानं फिरवून दाखवलं.

पैसे किती, विचारलं तर त्यांनी एवढा कमी आकडा सांगितला की मला घासाघीस उलटी करावी लागली. दोघं थोडे थोडे सरकलो. गाडीचे कागद आहेत का, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, धंद्याला मात्र वापरायची नाही. ‘तुमची कशाला धंद्याला लागतीय?’ ते म्हणाले. ‘तिच्यापायी तुमचाच धंदा बसंल.’

पोरानं चार नव्या पिनांना ग्रीस लावून त्या पेपरात गुंडाळल्या. जुन्या तीन झिजलेल्या दुसऱ्या पेपरात. चौथी, मिलिमीटरची, मेस्त्रींनी स्वतः उचलली, कन्नड पेपरच्या एका चौकोनी तुकड्यात नीट बांधली आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातली.

‘तीन बीएसएच्या,’ ते म्हणाले. ‘ही तुमची.’

मी काही बोललो नाही. ते लेथ पुसायला वळले आणि पुसता पुसताच विचारलं, ‘पाइप केवढा लावला हुता?’

‘दोन फुटी,’ मी म्हणालो.